फ्रान्सिस गॉल्टन

सर फ्रान्सिस गॉल्टन (जन्म : १६ फेब्रुवारी १८२२, बर्मिंगहॅम, मृत्यू : १७ जानेवारी १९११, हेझलमिअर, सरे) हे ब्रिटिश प्रवासी, संख्याशास्त्रज्ञ आणि मानवी आनुवंशिकतेचे आद्य अभ्यासक होते. माणूस उपजत गुणांनी घडतो की भोवतालच्या परिस्थितीने, हा प्रश्न फार जुना आहे. त्याला मोजमापाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मात्र गॉल्टन यांना दिले जाते. सहसंबंध आणि समाश्रयण या संख्याशास्त्रीय संकल्पना, जुळ्या भावंडांचा तौलनिक अभ्यास, मानसशास्त्रातील प्रश्नावली आणि अंगुलिमुद्रांचे वर्गीकरण यांचा पाया त्यांनी घातला. सुप्रजननशास्त्र ही कल्पना आणि तिचे इंग्रजी नाव हीसुद्धा त्यांचीच देणगी. विसाव्या शतकात तिच्या नावाने जे घडले त्यामुळे त्यांची कीर्ती कायमची डागाळली. त्यांनी स्वतः घडवलेली साधने वारंवार त्यांच्याच मताविरुद्ध साक्ष देत राहिली आणि ते मात्र आपल्या मतावर ठाम राहिले, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना पुनःपुन्हा जाणवते.

घराणे व बालपण

गॉल्टन यांचे पितृकुल बर्मिंगहॅममधील सधन क्वेकर व्यापाऱ्यांचे होते. युद्धाला पाप मानणाऱ्या या पंथातील या घराण्याने बंदुकांच्या कारखान्यावर संपत्ती मिळवली आणि पुढे पेढी काढली. वडील सॅम्युअल टर्शिअस गॉल्टन हे पेढीचे मालक होते. आई व्हायोलेटा ही वैद्य व कवी इरॅस्मस डार्विन यांची दुसऱ्या पत्नीपासून झालेली मुलगी. चार्ल्स डार्विन हे त्याच इरॅस्मसचे पहिल्या पत्नीकडून नातू. म्हणजे सावत्र नात्याने गॉल्टन यांचे मामेभाऊ आणि वयाने १३ वर्षांनी मोठे. दोन्ही आजोबा बर्मिंगहॅमच्या ल्युनर सोसायटी या विद्वानांच्या मंडळाचे सदस्य होते. आनुवंशिक प्रतिभेचा सिद्धान्त मांडणाऱ्याला पहिले उदाहरण शोधण्यासाठी घराबाहेर जावे लागले नसते.

फ्रान्सिस हे भावंडांत सर्वांत धाकटे. त्यांच्याहून १२ वर्षांनी मोठी असलेली बहीण अ‍ॅडेल पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बहुतेक वेळ पडूनच असे. धाकट्या भावाला शिकवणे हेच तिने आपले काम मानले. अडीच वर्षांच्या वयात तो पुस्तक वाचू लागला, पाचव्या वर्षापर्यंत लॅटिन व अंकगणितात त्याची बरीच प्रगती झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९१७ मध्ये या बालपणीच्या पत्रांवरून गॉल्टन यांचा बुद्ध्यंक २०० च्या जवळपास असावा असा अंदाज वर्तवला. त्या आकड्यात अ‍ॅडेलच्या शिकवण्याचा वाटा किती, हे कोणी मोजलेले नाही.

शिक्षण

वडिलांच्या इच्छेनुसार गॉल्टन यांनी बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात वैद्यकाचे धडे घेतले. १८४० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणितासाठी दाखल झाले. तेथील कठोर स्पर्धेत त्यांची प्रकृती ढासळली आणि १८४४ मध्ये सन्मानश्रेणीवाचून साधी पदवी घेऊन ते बाहेर पडले. पुढे याच परीक्षेतील गुणांची तफावत त्यांनी माणसामाणसांतील बुद्धीच्या उपजत फरकाचा पुरावा म्हणून वापरली. त्याच वर्षी वडिलांचे निधन होऊन त्यांच्या वाट्याला मोठी संपत्ती आली. वैद्यक सोडून दिले ते कायमचे. त्यानंतरच्या ६६ वर्षांत उदरनिर्वाहासाठी त्यांना एकही नोकरी करावी लागली नाही.

आफ्रिकेतील प्रवास

इजिप्त, सुदान आणि सीरियाच्या पहिल्या प्रवासानंतर १८५० मध्ये गॉल्टन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले. सोबत स्वीडिश निसर्गअभ्यासक चार्ल्स अँडरसन होते. वॉल्व्हिस उपसागरापासून आत शिरून त्यांनी हेरेरो व ओवाम्बो लोकांच्या प्रदेशाची अक्षांश-रेखांशांसह नोंद केली. हेरेरोंवर छापे घालणारा योंकर आफ्रिकानेर हा टोळीप्रमुख पत्रांना दाद देईना, तेव्हा लाल शिकारी अंगरखा घालून, बैलावर स्वार होऊन गॉल्टन थेट त्याच्या झोपडीच्या दारात शिरले. त्यानंतर काही काळ छापे थांबले.

या प्रवासातील आणखी एक प्रसंग त्यांच्या स्वभावाची ओळख पटवतो. एका नामा स्त्रीच्या बांध्याचे त्यांना कुतूहल वाटले. तिला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून दूर उभे राहून त्यांनी कोनमापक यंत्राने तिची मापे घेतली आणि त्रिकोणमितीने हिशेब मांडला. त्यांनी तो मोठ्या गमतीने सांगितला आहे. आजच्या वाचकाला तो तसा वाटणार नाही. माणूस हा मोजण्याचा विषय आहे, ही दृष्टी येथेच दिसते.

परतल्यावर १८५३ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्याच वर्षी लुईझा बटलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे जोडपे अखेरपर्यंत निपुत्रिक राहिले. यानंतर काही वर्षे गॉल्टन हवामानशास्त्रात रमले. वाऱ्यांच्या प्रत्यावर्ताची कल्पना त्यांनी मांडली, आणि १ एप्रिल १८७५ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये त्यांनी तयार केलेला हवामानाचा नकाशा छापून आला.

आनुवंशिकतेकडे

१८५९ मध्ये डार्विन यांचा ओरिजिन ऑफ स्पीशीज हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि गॉल्टन यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. प्राण्यांत निवडीने गुण बदलतात, तर माणसाच्या बुद्धीचे आणि शीलाचेही तसेच असले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष पुरावा हाती येण्याआधीच झालेला होता. १८६५ च्या आपल्या पहिल्याच लेखात त्यांनी असे राज्य रंगवले, जेथे निवडक तरुण-तरुणींची परीक्षा घेऊन त्यांचे विवाह लावले जातात आणि प्रत्येक जोडप्याला सरकारकडून ५,००० पौंडांचा आहेर मिळतो.

१८६९ च्या हेरिडिटरी जीनिअस या ग्रंथात त्यांनी न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी, इतकेच नव्हे तर वल्हवणारे आणि कुस्तीगीर यांच्याही वंशावळी तपासल्या. १६६० ते १८६५ या काळातील इंग्लंडच्या २८६ न्यायाधीशांपैकी नऊपैकी एकाहून अधिक जण दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाचे वडील, मुलगे किंवा भाऊ होते, असे त्यांना आढळले. हा त्यांना रक्ताचा पुरावा वाटला. न्यायाधीशाच्या मुलाला घरात कायद्याचे ग्रंथ, वडिलांचे स्नेही आणि शिक्षणाचा खर्च हेही वारशातच मिळते, हा आक्षेप त्यांच्या ध्यानात आलाच नाही असे नव्हे. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी पोपनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढवलेल्या पुतण्या-भाच्यांची तुलना थोर पुरुषांच्या सख्ख्या मुलांशी केली. सत्तेची सावली मिळूनही हे नातलग तितकेसे चमकले नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पुरावा विस्कळीत आणि निवडक होता. परंतु दत्तक संतती पाहून रक्त आणि संगोपन वेगळे काढण्याची युक्ती पुढे संशोधनाची मोठी पद्धत बनली. ग्रंथात स्त्रिया जवळजवळ नाहीत. अ‍ॅडेलसारखी बहीण कोणत्याच कोष्टकात बसत नव्हती. वंशांची प्रतवारी लावणाऱ्या प्रकरणात आफ्रिकन लोकांना त्यांनी इंग्रजांच्या दोन पायऱ्या खाली ठेवले. त्याला आधार होता तो प्रवाशांच्या ऐकीव मतांचा आणि स्वतःच्या ग्रहाचा.

डार्विन यांच्या मते शरीराच्या सर्व भागांतून सूक्ष्म कण निघून जननेंद्रियांत गोळा होतात व त्यातून गुण पुढे जातात. हे कण रक्तातून फिरत असावेत असे समजून गॉल्टन यांनी रुपेरी करड्या रंगाच्या सशांत इतर रंगांच्या सशांचे रक्त भरले. पिल्ले रुपेरीच निपजली. १८७१ मध्ये त्यांनी हा प्रतिकूल निष्कर्ष जाहीर केला. आपण रक्ताचा उल्लेख केलाच नव्हता, असे डार्विन यांनी कळवले आणि मामेभावाचा मान राखून गॉल्टन यांनी माघार घेतली. प्रयोग मात्र चोख होता.

निसर्ग आणि संगोपन

मराठीत एक म्हण सांगते, खाण तशी माती. दुसरी सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लोकव्यवहार दोन्ही म्हणी सोयीने वापरतो. गॉल्टन यांना त्यांतील एकच खरी ठरवायची होती.

त्यांना पहिले ठोस उत्तर मिळाले ते स्वित्झर्लंडमधून. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी १८७३ च्या ग्रंथात विज्ञानाची भरभराट कोठे होते याचा शोध घेतला. विचारस्वातंत्र्य, चांगल्या शाळा व ग्रंथालये, धार्मिक सहिष्णुता अशी कारणे त्यांनी पुढे आणली. गंमत अशी की द कांदोल हे स्वतः थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे पुत्र होते आणि त्यांचा मुलगाही त्याच शास्त्रात होता, तरी ते परिस्थितीची बाजू मांडत होते. गॉल्टन यांनी उत्तरादाखल रॉयल सोसायटीच्या सदस्यांना लांबलचक प्रश्नावली पाठवली आणि १८७४ मध्ये इंग्लिश मेन ऑफ सायन्स हा ग्रंथ लिहिला. नेचर आणि नर्चर, म्हणजे निसर्ग आणि संगोपन, ही जोडी याच ग्रंथाच्या उपशीर्षकातून रूढ झाली. शेक्सपिअरच्या द टेम्पेस्ट नाटकात हे शब्द त्याआधीच एकत्र आलेले होते. शास्त्रज्ञांत थोरल्या आणि एकुलत्या एक मुलांचे प्रमाण जास्त आहे, असे या पाहणीत दिसले. सख्ख्या भावांत रक्त तेच असल्यामुळे हा फरक वागणुकीचा आणि संधीचा मानावा लागतो.

१८७५ मध्ये त्यांनी जुळ्यांकडे मोर्चा वळवला. लहानपणी अगदी सारखी असलेली जुळी पुढे वेगळ्या परिस्थितीत वेगळी होतात का, आणि जन्मतः भिन्न असलेली जुळी एकाच घरात वाढून सारखी होतात का, असे दोन प्रश्न त्यांनी पालकांना विचारले. अत्यंत साम्य असलेल्या ३५ जोड्यांची आणि भिन्न स्वभावाच्या २० जोड्यांची तपशीलवार माहिती त्यांना मिळाली. सारखी असलेली बहुधा सारखीच राहिली. फरक पडला तो मुख्यतः आजारपणाने. भिन्न असलेली एका ताटात जेवूनही भिन्न राहिली. संगोपनापेक्षा निसर्ग कितीतरी प्रबळ, असा निकाल त्यांनी दिला.

त्या निकालाला गॉल्टन यांनी स्वतःच एक अट जोडली होती, आणि ती विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. एकाच देशात, एकाच सामाजिक थरात वाढलेल्या माणसांच्या परिस्थितीत जेवढा फरक असतो तेवढ्याच मर्यादेत हा निष्कर्ष खरा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले होते. ज्वारीच्या एकाच पोत्यातील बियाणे काळ्या, पाण्याखालच्या रानात पेरले तर कणसांतील लहानमोठेपणा बियाण्याच्या फरकामुळे असेल. तेच बियाणे मुरमाड माळावर टाकले तर तेथेही कणसाकणसांतील फरक बियाण्याचाच. पण दोन रानांतील तफावत जमिनीची आणि पाण्याची. आजच्या आनुवंशिकीत आनुवंशिकतेचा टक्का सांगितला जातो तो असाच एका ठरावीक समाजापुरता व परिस्थितीपुरता असतो. एकट्या माणसातील किती भाग रक्ताचा आणि किती घराचा, हे त्यातून निघत नाही. गॉल्टन यांनी ही अट एका वाक्यात लिहिली आणि उरलेले आयुष्य ती नसल्यासारखेच युक्तिवाद केले.

वाटाणे, उंची आणि समाश्रयण

गॉल्टन आणि ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म एकाच वर्षीचा, आणि दोघांनीही वाटाण्याच्या कुळातील वनस्पती निवडल्या. मेंडेल यांनी खाण्याचा वाटाणा घेतला व सुरकुतलेले की गुळगुळीत, असे ठळक भेद मोजले. गॉल्टन यांनी गोड सुवासाच्या शोभेच्या वाटाण्याच्या बिया आकाराप्रमाणे सात गटांत लावून मित्रांकडे पेरायला पाठवल्या. मोठ्या बियांची संतती सरासरीहून मोठी, परंतु आईइतकी मोठी नाही, असे आढळले.

माणसांसाठी त्यांनी १८८४ मध्ये कौटुंबिक नोंदी पाठवणाऱ्यांना एकूण ५०० पौंडांची बक्षिसे जाहीर केली. त्याच वर्षी लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी मानवमितीची प्रयोगशाळा उघडली. तेथे तीन पेन्स देऊन ९,३३७ लोकांनी आपली उंची, वजन, दृष्टी, श्वासाचा जोर अशी मापे करून घेतली. कौटुंबिक नोंदींतून २०५ दांपत्ये आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीचा अभ्यास १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या मापाला आणली. आईवडील सरासरीहून जेवढे उंच, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच मुले सरासरीहून उंच निघतात. ठेंगण्या आईवडिलांची मुलेही सरासरीकडे सरकतात. यालाच समाश्रयण म्हणतात. १८८८ मध्ये सहसंबंधाची कल्पना त्यातूनच निघाली, आणि आज अर्थशास्त्रापासून वैद्यकापर्यंत कोणतेही शास्त्र तिच्यावाचून चालत नाही.

गॉल्टन यांना ही पूर्वजांची मागे खेचणारी ओढ वाटली. वस्तुतः दोन मापांचा संबंध अपुरा असला की हे घडतेच. फार उंच मुले घेऊन त्यांचे आईवडील पाहिले तर तेही सरासरीकडे झुकलेले दिसतात, आणि मुले तर आईवडिलांना मागे खेचू शकत नाहीत. असामान्यांची संतती सामान्यांकडे सरकते, हा शोध निवडक विवाहांतून असामान्यांची जात पैदा करू पाहणाऱ्या माणसाच्या हातून लागला.

अंगुलिमुद्रा

या शोधाची मुळे भारतात आहेत. बंगालमधील जंगीपूर येथे सनदी अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला आणि पुढे वर्षानुवर्षे ठसे जमवले. ते गॉल्टन यांच्या हाती आले. बोटांवरील रेषा जन्मभर बदलत नाहीत हे त्यांनी या जुन्या-नव्या ठशांवरून दाखवले आणि दोन माणसांचे ठसे जुळण्याची शक्यता ६४ अब्जांत एक एवढी मांडली. १८९२ चा फिंगर प्रिंट्स हा ग्रंथ या विषयाचा पाया होय. जपानमधून स्वतंत्रपणे हाच विचार मांडणारे डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांना मात्र त्यांनी न्याय दिला नाही. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची व्यवहार्य पद्धत बसवली व १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले.

गॉल्टन यांना ठशांत वंश आणि बुद्धी वाचायची होती. इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क, आफ्रिकन. विद्वान, शेतमजूर, मतिमंद, अशा सर्वांचे ठसे त्यांनी पाहिले. वंशाची वा बुद्धीची म्हणावी अशी कोणतीच खूण सापडली नाही, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. एकबीज जुळ्यांचेही ठसे हुबेहूब नसतात, हे आता सर्वज्ञात आहे. गर्भाशयातील सूक्ष्म परिस्थितीही रेषा घडवते.

१९०७ चे एक टिपण याच जातीचे आहे. प्लिमथच्या जत्रेत एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. ७८७ चिठ्ठ्यांचा मध्यांक १,२०७ पौंड आला. खरे वजन १,१९८ पौंड. सामान्य माणसाच्या निर्णयशक्तीविषयी गॉल्टन यांना फारशी आस्था नव्हती, तरी हे आकडे त्यांनीच छापले.

सुप्रजननशास्त्र

१८८३ मध्ये गॉल्टन यांनी ग्रीक धातूंवरून युजेनिक्स हा शब्द बनवला. चांगल्या वंशाने लवकर विवाह करावेत आणि अधिक मुले जन्माला घालावीत, यावर त्यांचा भर अधिक होता. तथापि दुर्बळ ठरवलेल्यांच्या प्रजननाला आळा घालावा, हेही त्यांच्या लेखनात आहे. १९०४ मध्ये त्यांच्या देणगीतून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधनाचे काम सुरू झाले. हा विचार नव्या धर्माप्रमाणे लोकांत रुजावा अशी त्यांची आकांक्षा होती. पत्नीचे १८९७ मध्ये निधन झाले होते. १९०९ मध्ये त्यांना सर हा किताब व १९१० मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. अखेरच्या वर्षी त्यांनी सुप्रजननाच्या कल्पनाराज्यावर कादंबरी लिहिली. ती प्रकाशकाने नाकारली आणि त्यांच्या भाचीने तिचा काही भाग नष्ट केला. वॉरिकशरमधील क्लॅव्हर्डन येथे त्यांचे दफन झाले. मृत्युपत्राने त्यांनी सुमारे ४५,००० पौंड अध्यासनासाठी ठेवले, आणि पहिले प्राध्यापक म्हणून कार्ल पिअर्सन आले.

१९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्या देशात अशा कायद्यांखाली ६०,००० हून अधिक लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ च्या जर्मन कायद्याखाली सुमारे ४ लाख. यातील बहुसंख्य गरीब, आजारी किंवा केवळ शिक्षणाला मुकलेले लोक होते. जर्मन कायदा झाला तेव्हा गॉल्टन हयात नव्हते, आणि त्यांनी ही हिंसा सुचवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण दारिद्र्याची खूण रक्ताची खूण म्हणून वाचण्याची सवय त्यांच्याच कोष्टकांनी लावली होती.

भारतातील पडसाद

मराठी वाचकांपर्यंत हा वाद दोन्ही बाजूंनी पोहोचला. ना. सी. फडके यांनी १९२७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी असे प्रतिपादन केले. जातिव्यवस्था हीच जणू प्राचीन सुप्रजनन-योजना आहे, असा दावाही त्या काळी ऐकू येई. १९३६ च्या ॲनिहिलेशन ऑफ कास्ट या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा समाचार घेतला. रक्ताची सरमिसळ सर्वत्र झालेली आहे, एका प्रांतातील भिन्न जाती वंशाने एकच आहेत, आणि बुद्धीसारखे गुण कसे उतरतात हे विज्ञानाला नीट ठाऊकही नाही, असे मुद्दे त्यांनी मांडले.

गॉल्टन ज्या मुलुखात बैलावरून हिंडले तेथेच, तो जर्मन वसाहत झाल्यावर, १९०८ मध्ये ऑयगेन फिशर यांनी मिश्र वंशाच्या लोकांची मापे घेतली. याच फिशर यांच्याकडे बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट केली. युरोपीय कवट्यांची असमानता वेगळी असते, हे त्यांच्या मोजणीत सिद्ध होईल अशी गुरूंची अपेक्षा होती. वंशानुसार तसा फरक नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी काढला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना संख्याशास्त्राची गोडी लागली ती गॉल्टन यांच्या पाठिंब्याने १९०१ मध्ये निघालेल्या बायोमेट्रिका या नियतकालिकाच्या अंकांतून.

गॉल्टन अध्यासनावर १९४५ मध्ये लायोनेल पेनरोझ आले. मतिमंदत्वाची कारणे अनेक आणि परस्परांहून भिन्न असतात, हे त्यांनी रुग्णांच्या प्रदीर्घ पाहणीतून दाखवले होते आणि सुप्रजननाच्या ते विरोधात होते. १९६३ मध्ये अध्यासनाच्या नावातील सुप्रजनन हा शब्द जाऊन मानवी आनुवंशिकी हा शब्द आला. जून २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजने आपल्या एका व्याख्यानगृहाला असलेले गॉल्टन यांचे नाव काढून टाकले.